बक्षिसाच्या रकमेत प्रशिक्षकाचा आणि सरावातील जोडीदाराचा वाटा असावा का?

गोदाकाठचा धावपटू

आपल्या नाशिक शहरात एखादा खेळाडू पदक घेऊन परतला की ढोल वाजतात, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते आणि शेवटी एखाद्या सभागृहात धनादेश दिला जातो. त्या धनादेशावर एकच नाव असते. माझे म्हणणे असे आहे की महापालिका, जिल्हा परिषद किंवा राज्य शासन जेव्हा सार्वजनिक पैशातून बक्षीस देते, तेव्हा खेळाडूच्या रकमेला हात न लावता, तिच्या जोडीने एक ठरावीक हिस्सा प्रशिक्षकाला, मालिश करणाऱ्याला आणि सरावातील जोडीदाराला मिळावा. आणि ही नावे खेळाडूने स्पर्धेला जाण्यापूर्वीच लेखी दिलेली असावीत.

मी गेली बावीस वर्षे हिरावाडीच्या क्रीडा संकुलात पहाटे धावतो. राज्य पातळीच्या पुढे मी कधी गेलो नाही, परंतु माझ्याहून पुष्कळ पुढे गेलेल्या काही मुलींना मी सरावात वेग धरून दिला आहे, त्यामुळे या कामाचे मोल मला ठाऊक आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक घेतले, तेव्हा त्यांची वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद होती. पंचवीस फेऱ्यांवर ही वेळ वाटली तर प्रत्येक फेरी साधारण ७९ सेकंदांची होते. एका फेरीला ७९ सेकंद पुष्कळांना जमतात. सतराव्या, अठराव्या फेरीला, पोटरी दगडासारखी झालेली असताना तोच आकडा टिकवण्याची सवय एकट्याने धावून लागत नाही. पुढे कोणीतरी वारा अंगावर घेत, घड्याळ सांभाळत धावावे लागते आणि नेमका वेग राखावा लागतो. तो एका सेकंदाने वाढला तरी मागच्या खेळाडूचा सराव बिघडतो. या मदतीची दखल खुद्द नियमांनीही घेतली आहे. स्त्रियांच्या मॅरेथॉनमध्ये पुरुषांसोबत धावून केलेला विक्रम आणि केवळ स्त्रियांच्या शर्यतीत केलेला विक्रम जागतिक संघटना वेगवेगळे नोंदवते.

वाटा देण्याची रीत आपल्या देशात नवी नाही. २०२४ साली बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये आपल्या नाशिकचा विदित गुजराथी ज्या संघात होता त्या संघाने आणि महिला संघानेही सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने खेळाडूंना प्रत्येकी २५ लाख, दोन्ही संघांच्या न खेळणाऱ्या कर्णधारांना, म्हणजे मुख्य मार्गदर्शकांना, प्रत्येकी १५ लाख आणि सहायक प्रशिक्षकांना प्रत्येकी साडेसात लाख रुपये जाहीर केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिदोष असलेल्या सिमरन शर्मा २०० मीटरमध्ये कांस्यपदकासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक धावपटू अभय सिंग हेही त्याच चौथऱ्यावर होते. जे तिथे शक्य झाले ते नाशिकमध्ये का होऊ नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

पंचवटीतील पालक

आपल्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे, आणि तो माझ्या मुलीच्या अनुभवातून आलेला आहे.

आपण म्हणता की नावे खेळाडूने स्पर्धेपूर्वी लेखी द्यावीत. स्पर्धेपूर्वीचा काळ कसा असतो, ते पाहा. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी वसतिगृहात राहत असते. तिचा सराव, तिची प्रवेशिका, तिचा प्रवास, संघात तिचे नाव जाईल की नाही, हे सारे ज्या माणसाच्या शब्दावर अवलंबून असते त्याच माणसाचे नाव तिने कागदावर लिहावे की लिहू नये, हे तिने ठरवायचे आहे. ती नाही म्हणू शकेल का? जी नोंद आपल्याला कृतज्ञतेची वाटते ती तिच्यासाठी सक्तीची होईल. माझ्या मुलीने पंधराव्या वर्षी प्रशिक्षक बदलला. पुढे दीड वर्षाने तिला राज्य स्पर्धेत पदक मिळाले, तेव्हा आधीच्या प्रशिक्षकांनी आपणच तिला घडवल्याचे सगळीकडे सांगितले आणि आम्ही दुजोरा दिला नाही म्हणून तिच्या धाकट्या भावाला सरावाला येऊ देणे बंद केले. मी कोणाचे नाव घेत नाही. यात रोख रक्कमही असती तर काय झाले असते, याचा विचार करून मला आजही झोप लागत नाही.

दुसरे असे की बक्षीस आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षकाला आणि वेग धरून देणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे दर महिन्याला मिळाले पाहिजेत, पदक येवो अथवा न येवो. आपला प्रस्ताव स्वीकारला तर ज्याच्या हाताखालची मुलगी चौथी आली त्याला काहीच मिळणार नाही, आणि त्याने मेहनत तर तेवढीच केलेली असेल.

भगूरचा पैलवान

तालमीत जोडीदाराशिवाय पैलवान तयार होत नाही, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. २०२० च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, तेव्हा नाशिककडून लढलेला हर्षवर्धन सदगीर आणि समोरचा शैलेश शेळके हे दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले होते. रोज एकमेकांच्या अंगाची माती झटकणारे दोघे त्या रात्री गदेसाठी भिडले. हर्षवर्धनने कुस्ती जिंकली आणि पुढच्याच क्षणी शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ज्यांनी ते पाहिले त्यांना जोडीदार म्हणजे काय ते कळले.

मी पालकांच्या बाजूचा आहे. वस्तादाला काय द्यायचे ते शिष्याने आपल्या हाताने, आपल्या मनाने द्यावे. त्याची टक्केवारी ठरली की वस्ताद आणि पठ्ठा यांच्यात पहिल्यांदाच हिशेब येईल.

निवृत्त क्रीडाशिक्षक

या चर्चेत आतापर्यंत शेवटच्या प्रशिक्षकाचाच विचार झाला आहे, म्हणून लिहीत आहे. मी एकतीस वर्षे शाळेच्या मैदानावर काढली. मूल प्रथम कोणाच्या नजरेत येते, याकडे कोणतीही यादी पाहत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक घेणाऱ्या नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे उदाहरण घ्या. गाव कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी, २००९ पासून राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश आणि नेमबाजीचे सुरुवातीचे धडे आपल्या नाशिकमध्ये, २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरी, आणि वैयक्तिक मार्गदर्शन दीपाली देशपांडे यांचे. मुलाला घरापासून इतक्या दूर पाठवणारे आईवडील, पहिल्यांदा रायफल हातात देणारा माणूस, पगार आणि सरावासाठी सवलत देणारे खाते, आणि शेवटच्या काही वर्षांतील मार्गदर्शक, यांपैकी एकाचाही दुवा निसटला असता तर पदक आले नसते, असे मला वाटते. मग रक्कम कोणत्या प्रमाणात वाटायची? मी कागद घेऊन बसलो होतो आणि मला ते जमले नाही.

आणि काहींच्या बाबतीत तर पाठीशी असायला हवे ते माणूसच पाठीशी नसते. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओला एकेरी नौकानयनासाठी गेले, तेव्हा त्यांच्या आई कोमात होत्या. ते एकूण तेरावे आले. दोनच वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्या चौघांतील प्रत्येकाने वल्हे मारले, म्हणून प्रत्येकाला पदक मिळाले. मला तेवढीच एक वाटणी निर्विवाद वाटते.

तरीही मूळ प्रस्ताव मी मोडीत काढणार नाही. माझ्या मैदानावरून गेलेल्या एका मुलीचा सत्कार झाला, तेव्हा मला मागच्या रांगेतही बोलावले गेले नव्हते. पैशाची अपेक्षा मला तेव्हाही नव्हती. पण व्यासपीठावरून दोन शब्द उच्चारले गेले असते तर बरे वाटले असते, हे मी लपवणार नाही.

गंगापूर रोडवरील वाचक

प्रस्तावाच्या विरोधातील एक मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. यशात वाटा हवा असेल तर अपयशाची जबाबदारीही त्याच प्रमाणात घ्यावी लागेल. पॅरिस ऑलिम्पिकला भारताचे ११७ खेळाडू गेले आणि त्यांच्यासोबत १४० सहायक गेले. कुस्तीपटू विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलो गटात १०० ग्रॅम जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. रात्रभर त्यांच्या भोवती प्रशिक्षक आणि डॉक्टर झटत होते, हे खरे. पण नंतर भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले की वजन सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची आणि तिच्या प्रशिक्षकाची असते, संघटनेने नेमलेल्या वैद्यकीय पथकाची नसते. पदक हुकले की वर्तुळ इतक्या झपाट्याने लहान होते. शेवटी मॅटवर एकटी उभी असते ती खेळाडूच, म्हणून धनादेशावरही एकच नाव असणे मला न्याय्य वाटते.

केनियाचे धावपटू एलियुड किपचोगे यांनी २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर पार केले. त्यांच्या पुढे आळीपाळीने ४१ जण वेग धरून धावले. पुढचे धावपटू मध्येच असे बदलले गेले, हे ती वेळ विश्वविक्रम म्हणून न धरण्याचे एक कारण होते. म्हणजे मदत एका मर्यादेपलीकडे गेली की खेळाचे नियमच ते यश निखळ मानत नाहीत.

गोदाकाठचा धावपटू

गंगापूर रोडवरील वाचकांनी किपचोगे यांचे उदाहरण बरोबर दिले आहे, पण त्यावरून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. नियम स्पर्धेच्या दिवसापुरते असतात. मी बोलतो आहे ते आधीच्या तीनशे दिवसांबद्दल, आणि त्या दिवसांत कोणीही एकटा नसतो.

विनेश यांच्या प्रसंगावरून तर माझेच म्हणणे बळकट होते. ज्यांची नावे आधीच कागदावर आहेत त्यांना नंतर बाजूला होता येत नाही.

मात्र पंचवटीतील पालकांच्या पहिल्या मुद्द्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे. मी स्वतः कधी कोणाच्या निवडीचा अधिकारी नव्हतो, त्यामुळे मुलीच्या हातातील तो कागद मी केवळ जोडीदाराच्या नजरेने पाहिला. त्याच कागदाकडे ती कोणत्या भीतीने पाहील, हे मला सुचले नाही. लेखी यादीची अट मी मागे घेतो. तिच्याऐवजी आता एवढेच सुचवतो की प्रत्येक तालुक्यातील सरावाच्या मैदानावर वेग धरून देणाऱ्या दोन-तीन धावपटूंना आणि एका मालिश करणाऱ्याला दरमहा मानधन मिळावे, ते कोणत्याही खेळाडूच्या पदकाशी जोडलेले नसावे, आणि बक्षिसाच्या समारंभात कोणाला सोबत न्यायचे ते खेळाडूने स्वतः त्या दिवशी ठरवावे. शिक्षक महोदय, आपल्याला कोणी बोलावले नाही, हे वाचून वाईट वाटले.

माझा यात स्वार्थ आहे का, असे कोणी विचारले नाही, तरी सांगतो. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि आता ७९ सेकंदांची फेरी मला दोनदाही जमत नाही. हे मानधन मला मिळणार नाही.

पंचवटीतील पालक

मानधनाच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, आणि त्यासाठी निवेदन लिहायचे असेल तर मी पहिली सही करीन. समारंभाबद्दल मात्र माझे मत राखून ठेवते, कारण बोलावण्याचा दबावही दबावच असतो.

आपले लेखन वाचल्यावर एक गोष्ट केली, ती सांगते. माझ्या मुलीच्या पुढे रोज पहाटे जो मुलगा धावतो त्याच्या बुटाचा तळ सुटला होता, आणि तो दोरा बांधून धावत होता. हे मी तीन आठवडे पाहत होते. काल त्याला मेन रोडला नेऊन नवे बूट घेऊन दिले. त्याने किंमत विचारली आणि पुढच्या महिन्यापासून थोडे थोडे फेडतो म्हणाला. मी त्याला सांगितले की ही उसनवारी नाही आणि बक्षीसही नाही. तू चार महिने आधीच धावला आहेस, हे त्याचे आहेत.