मदत हवी आहे: वाचनालयाची पुस्तकयादी विस्कटली

दांडियाबाजारकर:
रविवारी मंडळाची सभा आहे आणि यादीचा पार विचका झालाय. वर्णानुक्रमे लावायला गेले तर लेखक एकीकडे, पुस्तकं भलतीकडे. कुसुमाग्रजांपुढे लोणच्यांचं पुस्तक आलंय! लवकर सांगा.

वहीवाला:
यादी कशात आहे? पुस्तकं किती? मी आमच्या सोसायटीचं सगळं वहीत ठेवतो. वही आपोआप हलत नाही.

दांडियाबाजारकर:
एक्सेलमध्ये, आणखी कशात असणार? ११५० पुस्तकं. वही सुचवू नका प्लीज.

रावपुरा_कट्टा:
फक्त लेखकांचा रकाना निवडून सॉर्ट केलंत ना? एक्सेल तेव्हा विचारतं, 'एक्स्पांड द सिलेक्शन' करू का.

दांडियाबाजारकर:
हो, विचारलं होतं. मी खालचा पर्याय घेतला. बाकीचे रकाने उगाच कशाला हलवायचे?

रावपुरा_कट्टा:
अहो, तिथेच घोळ झाला. लेखक हलले, पुस्तकं जागेवरच राहिली. कंट्रोल-झेड दाबून मागे घेता येईल का?

दांडियाबाजारकर:
मंगळवारीच सेव्ह करून बंद केलं.

निवृत्त_ग्रंथपाल:
पुस्तकावरच्या शिक्क्यात दाखल क्रमांक असतो, म्हणजे वाचनालयात येताना त्या प्रतीला दिलेला आकडा. तो यादीत आहे का?

दांडियाबाजारकर:
नाही. पुस्तकावर आहेच की.

निवृत्त_ग्रंथपाल:
अरे देवा. ताई, तो पहिल्या रकान्यात हवा, आणि एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही. एका पुस्तकाच्या तीन प्रती म्हणजे तीन ओळी. आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत. कुसुमाग्रज घ्यायचं की शिरवाडकर, हे एकदाच ठरवा आणि दुसऱ्या नावापाशी 'पाहा' म्हणून ते ठरलेलं नाव लिहा, नाहीतर एकच माणूस दोन ठिकाणी बसतो. 'वि.वा.' आणि 'वि. वा.' हेही एक्सेलला दोन वेगळे वाटतात. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना ग्रंथालयांसाठी बोलावलं, त्या बडोद्यात यादीची ही दशा!

वहीवाला:
बॉर्डनकडे एक्सेल नव्हतं. म्हणजे वहीच.

निवृत्त_ग्रंथपाल:
कार्डं हो, कार्डं! वही नाही.

ळकार:
कार्डं राहू द्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, 'ळ' हा 'ल' आणि 'व'च्या मध्ये बसवलाय. आपल्या मुळाक्षरांत तो 'ह'नंतर येतो. शिवाय 'क्ष' म्हणजे क आणि ष जोडलेले, म्हणून तो 'क'मध्ये जातो. यावर कुणी बोलतच नाही.

रावपुरा_कट्टा:
बाईंची यादी तरी सापडू द्या आधी. कुणाला मेलवर पाठवली होतीत का?

मांडवीची_सून:
विषयांतराबद्दल माफी, पण पुण्याचे पाहुणे आलेत. सेव उसळ सगळ्यात चांगली कुठे मिळते?

वहीवाला:
नवीन धागा काढा. (मला विचाराल तर घरची.)

दांडियाबाजारकर:
मिळाली! खजिनदारांना महिन्यापूर्वी पाठवली होती. त्यात १०९८ ओळी आहेत, नंतर आलेली ५२ राहिली.

रावपुरा_कट्टा:
आधी तिची कॉपी करा. मगच हात लावा.

निवृत्त_ग्रंथपाल:
आणि दाखल क्रमांक आता सगळ्यांचे चढवा, फक्त ५२ चे नाही. कपाटापाशी उभं राहून.

दांडियाबाजारकर:
कॉपी केली, दोन केल्या. उद्या संध्याकाळी कपाट उघडते. वहीवाला, बडोद्यात असाल तर या. शिक्क्यावरचे आकडे वाचून दाखवायला कुणीतरी हवं.

वहीवाला:
येतो. वही घेऊनच येईन. सेव उसळ तुमच्याकडून.