कोपऱ्यातील कपाट : जाळीआधी भांडी मोजावीत

एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात फिरती जाळी (सामानासह गोल फिरणारी तबकडी) बसवावी की साध्या फळ्या ठेवाव्यात, या प्रश्नावर बहुतेक जण जाळीच्या बाजूने मत देतात. माझे मत थोडे वेगळे आहे. चौरस जागेत गोल तबकडी बसवली की क्षेत्रफळाचा जेमतेम ७८ टक्के भाग हाती लागतो, आणि तबकडीच्या मध्यातून दांडा जात असेल तर रुंद भांडे तिच्यावर नीट बसतच नाही. कोल्हापूरच्या घरात पाहुण्यांसाठी तांबडा-पांढरा रस्सा करायची पातेली, परात आणि चाळण एवढे तरी असतेच. ही भांडी रोज लागत नसल्याने त्यांच्यासाठी कोपऱ्यातील खोल, साधी फळी मला अधिक सोयीची वाटते. वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्याच्या बरण्या मात्र तेथे ठेवू नयेत, कारण पावसाळ्यात बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत ओल धरते.

जाळीच हवी असेल, तर आतील सामान दारासोबत बाहेर येणारा प्रकार पाहावा. तो महाग असतो, पण वाकावे लागत नाही. कोणताही पर्याय निवडला तरी कोपऱ्यालगत दोन-तीन इंचांची पट्टी सोडण्यास सुताराला आधीच सांगावे. अन्यथा एका बाजूचा खण उघडताना दुसऱ्या बाजूच्या मुठीवर आपटतो. नळाची जोडणी कोपऱ्यातून जात असल्यास दुरुस्तीसाठी मागची फळी काढता येईल अशीच बसवून घ्यावी.