भाऊ अमेरिकेहून अनलॉक फोन आणतोय : मागवावा, नागपुरातच घ्यावा, की घेऊच नये?

मनीषनगरची_शिलाई

नमस्कार. मी घरून नऊवारी शिवते. दुकान नाही. गिऱ्हाईक येतं ते व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून. माझा फोन चार वर्षांपूर्वी १४ हजारांना घेतलेला. त्यात जांभळा रंग निळा दिसतो आणि डाळिंबी तर सरळ लाल. गेल्या महिन्यात अमरावतीच्या एका बाईंनी शिवलेली साडी परत पाठवली, 'फोटोतला रंग हा नव्हे' म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

धाकटा भाऊ डॅलसला असतो, दिवाळीला येतोय. आयफोन १७ आणतो म्हणतो. त्याच्या सांगण्यात दोन वाटा आहेत. तिकडच्या मोबाइल कंपनीच्या तीन वर्षांच्या करारावर घेतला तर फोन फार स्वस्त पडतो, पण हप्ते फिटेपर्यंत तो त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला राहतो. दुसरी वाट म्हणजे पूर्ण पैसे मोजून अनलॉक घ्यायचा, तो कुठल्याही सिमवर चालतो. पोस्टातल्या आरडीचे ६० हजार माझ्या हातात आले आहेत. वरचे मी जमवीन, भावाकडून फुकट घ्यायचा नाही. घरचे म्हणतात, एवढ्या पैशांत कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन येऊन वर पैसे उरतील. त्यांचंही खोटं नाही. तुम्ही काय केलं असतं?

हिंगणारोड

ताई, काहून एवढे पैसे घालून राहिल्या? मले तर हे पटत नाही. मी कंपनीत शिफ्टला जातो, माझा फोन २१ हजारांचा. दोन सिम, दिवसभर चालणारी बॅटरी, पडला तरी जीव हळहळत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात फाइव्ह-जी सुरू झालं तेव्हा एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत आपलं नागपूर होतं. माझ्या तेव्हाच्या साध्या फोनवर ते लगेच आलं. आमच्या साहेबांचा आयफोन मात्र डिसेंबरपर्यंत फोर-जीवरच, कारण ॲपलनं ती सोय डिसेंबरच्या अपडेटमध्ये दिली.

आणि आपला उन्हाळा? आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं त्याची कंपनीच सांगते. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. हे मी साहेबांच्या गाडीत डोळ्यांनी पाहिलं आहे. मशीन घ्या. मशीन पैसा देईल.

धंतोलीकर

हिंगणारोड, मशीन पैसा देईल हे खरं, पण यांचं दुकानच फोनमध्ये आहे. गिऱ्हाइकाला माल फोनमधून दिसतो. २१ हजारांचा फोन तुमच्या कामाला पुरतो म्हणून तो यांच्या कामाला पुरेल असं होत नाही.

ताई, भावाची पहिली वाट मात्र विसरा. सिमला बांधलेला फोन म्हणजे काय ते माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरून मोबाइल दिले, सीताबर्डीत रांगा लागल्या होत्या. मीही घेतला. फोन सीडीएमए, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घालायची सोयच नाही; कंपनी सोडली की हँडसेट पोरांना खेळायला. २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन भारतात पहिल्यांदा रीतसर आला तोही एअरटेल आणि व्होडाफोनकडून, ८ जीबीचा ३१ हजारांना, त्या त्या कंपनीला बांधलेला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली २० जानेवारी २०११ ला. त्याआधी आपण किती अडकलेलो होतो हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. कॅनडानं २०१७ च्या डिसेंबरपासून आणि ब्रिटननं २०२१ च्या डिसेंबरपासून असे कुलूपबंद फोन विकायला मनाईच केली. अनलॉकचे पैसे म्हणजे स्वातंत्र्याचे पैसे, ते द्यावेत.

आणि हिशेब बघा. तिकडे ७९९ डॉलर, डॉलर ८८ चा धरला तर ७० हजार ३००. इथं तोच फोन ८२ हजार ९०० ला. साडेबारा हजार वाचतात. मागवा.

मोदी_नंबर_दोन

माझं मोदी नंबर दोनच्या गल्लीत मोबाइलचं दुकान आहे. माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो, मग माझं ऐका.

धंतोलीकर, तुमच्या हिशेबात कर राहिला. अमेरिकेत लिहिलेल्या किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो, डॅलसमध्ये सव्वाआठ टक्के. म्हणजे ८६५ डॉलर, ८८ नं ७६ हजार १०० च्या आसपास. आपल्याकडच्या ८२ हजार ९०० मध्ये १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो. फरक उरला सात हजारांहूनही कमी. सणात बँकेच्या कार्डावर जी सूट मिळते तिनं त्यातलेही बरेच भरून निघतात. जीएसटी नोंदणी असेल आणि फोन धंद्यासाठी घेतला असेल, तर सुमारे १२ हजार ६०० चं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होते. परदेशातल्या बिलावर ते मिळत नाही.

दुसरं, वॉरंटी. फोन मुळात जिथं विकला त्या देशापुरतीच सेवा मर्यादित ठेवण्याचा हक्क कंपनीनं वॉरंटीच्या अटींत स्वतःकडे ठेवला आहे. दरवेळी अडवतातच असं मी म्हणत नाही. पण अडवलं तर तुम्ही फोन घेऊन डॅलसला जाणार का?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. 'अनलॉक' या शब्दाला तिकडे किंमत आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारा नवा आयफोन अनलॉकच असतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजायचे नसतात, मागवायचाही नसतो. 'अमेरिकेचा अनलॉक पीस' म्हणून जे कमी दरात गळ्यात मारतात, त्यातले काही कुलूपबंदच असतात, सिमखाली एक पातळ चिप घालून चालवलेले. एक अपडेट आला की नेटवर्क गेलं. असे फोन घेऊन रडत आलेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. वापरलेला आयफोन कुणाकडून घेणार असाल तर सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाऊट उघडा आणि 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर पैसे देऊ नका.

काटोलरोड

दुकानदारदादांनी एक गोष्ट सांगायची ठेवली, ती मी भोगली आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिम घालायची जागाच नाही. नुसतं ईसिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, हातानं काढता न येणारं सिम. माझ्या जावयानं आणलेला १५ तसाच होता. चालला छान, वर्षभर. मग जुलैत गॅलरीतून पडला आणि स्क्रीन काळी. साधं सिम असतं तर काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये घातलं असतं, पाच मिनिटांचं काम. माझा नंबर त्या काळ्या फोनमध्ये अडकला. आधार घेऊन सिम कंपनीच्या दुकानात जा, अर्ज करा, नवं सिम घ्या. आणि सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, तो नियमच आहे. म्हणजे ओटीपी नाही. त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात भरती करायचं होतं आणि माझ्या खात्यातून पैसे निघत नव्हते. शेजारच्या वहिनींनी भरले.

भारतातल्या आयफोन १७ मध्ये एक सिम घालता येतं आणि सोबत ईसिमही चालतं. मनीषनगरच्या ताई, तुमची सगळी गिऱ्हाइकं एका नंबरवर आहेत. तो नंबर दोन दिवस बंद राहिला तर चालेल का, ते ठरवा.

धंतोलीकर

कराचं मान्य, मी तो धरला नव्हता. ईसिमबद्दल मात्र एक दुसरी बाजू आहे. फोन चोरीला गेला तर चोर पहिलं काम करतो ते सिम काढून फेकायचं. ईसिम काढता येत नाही, त्यामुळे फोन शोधायला थोडा वेळ मिळतो. काटोलरोड ताईंना त्रास झाला हे वाईटच, पण त्यावरून ईसिम टाकाऊ ठरत नाही.

काटोलरोड

टाकाऊ म्हटलं नाही मी. दोन्ही असावं, निवड माझ्या हातात असावी, एवढंच. स्वातंत्र्याचा मुद्दा तुम्हीच काढला होता ना?

नंदनवन_आई

सगळे अमेरिकेच्या कुलपाबद्दल बोलत आहेत. आपल्या गल्लीतलं कुलूप वेगळं आहे. माझ्या मुलानं गेल्या वर्षी हप्त्यावर फोन घेतला, सुरुवातीला एक रुपयाही न भरता. दुकानातच फायनान्सवाल्यांनी त्यात त्यांचं ॲप टाकलं, ते काढता येत नाही. मुलगा पार्सल पोचवायचं काम करतो. एका महिन्यात पगार उशिरा जमा झाला, हप्ता तीन दिवस चुकला, आणि बेसाच्या रस्त्यावर भर दुपारी फोन बंद पडला. स्क्रीनवर फक्त 'हप्ता भरा'. गाडीत अकरा पार्सलं, पत्ते त्या फोनमध्ये. घरी आला तेव्हा पोरगं माझ्याशी बोललंच नाही.

ज्या फोनचं कुलूप दुसऱ्याच्या हातात, तो कितीही महाग असो, अनलॉक नाही. ताई, स्वस्त घ्या, महाग घ्या, पण आरडीचे पैसे आहेत तेवढ्यात रोखीनं घ्या. वरच्या वीस हजारांसाठी सही करू नका.

कॅमेरा_आणि_लग्नघरं

मी लग्नाचे फोटो काढतो, तेव्हा रंगापुरतं बोलतो, कारण मूळ दुखणं ते आहे आणि सगळे सिमवर गेले आहेत.

ताई, तुम्ही फोटो संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढता का? बहुतेक जण तसंच काढतात. फोन आजूबाजूच्या उजेडावरून पांढरा रंग कुठला ते स्वतःच ठरवतो. ट्यूबचा उजेड, पिवळा बल्ब आणि टीव्हीचा निळा झोत एकत्र झाला की तो गोंधळतो, मग फोन १४ हजारांचा असो की ८० चा. सकाळी नऊच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीजवळ, थेट ऊन नसेल तिथं साडी पसरा. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. फोटोत कागद पांढरा दिसला तर साडीचा रंगही जागेवर आहे असं समजा. स्क्रीनवर साडीवर बोट दाबून धरलं तर बहुतेक फोनमध्ये उजेड तिथं पक्का होतो.

एवढं करूनही एक गोष्ट तुमच्या हातात नाही. अमरावतीच्या बाईंनी फोटो त्यांच्या फोनवर पाहिला. त्यांची स्क्रीन रंग गडद करून दाखवत असेल तर तुमचा लाखाचा कॅमेराही काही करू शकत नाही. म्हणून खरेदीआधी आपलं कापड घेऊन दुकानात जा आणि तिथल्याच फोनवर फोटो काढून बघा. कागदावरचे मेगापिक्सल वाचून साडीवाल्यांनी फोन ठरवू नये.

मनीषनगरची_शिलाई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण करून बघत होते.

खिडकीचा उपाय केला. कागद ठेवला. जांभळा रंग खरंच सुधारला, मला आधी कुणी सांगितलं असतं तर! डाळिंबी मात्र अजूनही लालच येतो. मग काल डाळिंबी आणि मोरपंखी असे दोन तुकडे पिशवीत घालून सीताबर्डीला गेले. दुकानदार चांगले होते, फोन दाराशी उजेडात आणून दिले. २२ हजारांच्या फोनमध्ये डाळिंबी माझ्या फोनपेक्षा बरा आला, पण तसाच लालीवर. ३५ हजारांच्या फोनमध्ये जवळजवळ बरोबर. आयफोनमध्ये बरोबर, आणि व्हिडिओत जरीचा काठ फिरवला तर त्याची चमक पांढरी न होता सोनेरीच राहिली. ३५ वाल्यात जरीचा पांढरा पट्टा होत होता. माझं निम्मं काम आता व्हिडिओवर चालतं, म्हणून ते माझ्या दृष्टीनं मोठं.

माझी उलाढाल २० लाखांच्या खूप खाली आहे, जीएसटी नंबर नाही, तेव्हा ते क्रेडिट मला मिळणार नाही. अमेरिकेचा नको हे ठरलं. सिमची जागा नसणं मला परवडणार नाही.

धंतोलीकर

मग १७ च कशाला? नवा आला तेव्हा कंपनीनं १६ ची किंमत ६९ हजार ९०० केली. ॲपलवरच अडून राहायचंही कारण नाही. सॅमसंगनं २०२४ च्या एस २४ पासून आणि गूगलनं २०२३ च्या पिक्सेल ८ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं आहे. तेही कापडावर करून बघा.

हिंगणारोड

ताई, तुम्ही कापड घेऊन गेल्या हे मले लय आवडलं. पण ३५ चा जवळजवळ बरोबर म्हणता ना? मग दुप्पट पैसे फक्त जरीच्या पट्ट्यासाठी? उरलेल्यात ओव्हरलॉक येते. मी अजून तिथंच आहे.

मनीषनगरची_शिलाई

भाऊ, जरीची चमक म्हणजे माझ्या नऊवारीचा अर्धा मान आहे. ती पांढरी दिसली तर बाई पुढं विचारतच नाही.

१६ घेऊन दाराशी पुन्हा तेच दोन तुकडे ठेवून पाहिले. १७ मध्ये आणि त्यात माझ्या डोळ्याला फरक कळला नाही. आरडीचे ६० आणि दिवाळीच्या ऑर्डरींचे दहा, एवढ्यात बसतो. हप्ता नाही, सही नाही. धनत्रयोदशीला घेईन, पक्कं बिल घेईन, आणि *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, बॉक्सवरच्याशी आणि बिलावरच्याशी जुळवून मगच पैसे देईन. ओव्हरलॉक लग्नसराईनंतर. घरी तसं सांगितलं आहे, आणि ते हो म्हणाले.

हिंगणारोड

घ्या मग. अमरावतीची ती परत आलेली साडी अजून तुमच्याजवळ असेल तर नव्या फोननं तिचा फोटो काढून त्या बाईंना पाठवा, आणि इथंही टाका. डाळिंबी डाळिंबी दिसला तर मी माझं म्हणणं मागं घेतो.