कॅम्परव्हॅनला रिकॉल आलाय, पण पाण्याची टाकी आडवी येते. खर्च कोणाचा?

गुहागरवाला
गेल्या वर्षी पुण्यातून सेकंडहँड कॅम्परव्हॅन घेतली. 2020 ची गाडी, आतलं फर्निचर, बेड, सिंक सगळं एका वर्कशॉपने केलेलं. परवा आधीच्या मालकाचा फोन आला, "तुमच्या गाडीचं रिकॉलचं पत्र माझ्याकडे आलंय." रिकॉल म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. मागच्या ब्रेकचा पाइप चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला घासू शकतो, क्लिप बदलून घ्या, असं त्यात लिहिलंय.
चिपळूणला सर्व्हिस सेंटरला नेली. पोरगा गाडीखाली गेला, दोन मिनिटांत बाहेर आला. "काका, तुमची पाण्याची टाकी मध्ये आहे. ती काढून आणा, मग बघू." नव्वद लिटरची टाकी, पट्ट्या गंजून बोल्टला चिकटलेल्या. वर्कशॉपवाला म्हणतो, रिकॉल कंपनीचा आहे, आम्हाला काय विचारता? महिनाअखेर कुंभार्ली घाटातून कराडला जायचंय. बायको म्हणते एसटीने जाऊ. काय करू?

चिपळूणचा फिटर
वहिनींचं ऐका, काम होईपर्यंत घाट नकोच. तोवर इंजिन चालू ठेवून ब्रेक जोरात दाबून मिनिटभर धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर गळती आहे, गाडी हलवू नका, टो करून न्या. बसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, घासलेला पाइप आदल्या दिवशीपर्यंत ठीक दिसतो. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर खूण करून ठेवा आणि रोज बघा. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पाइपवरचं कोटिंग एकदा गेलं की बघायला नको.

सहकारनगर_पुणे
गाडी एकच, पण बनवणारे दोन, हा कॅम्परचा खरा घोळ. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग मूळ कंपनीचं. गॅस, वायरिंग, टाकी, बेड दुसऱ्याचं. रिकॉलचा भाग आणि मजुरी मूळ कंपनी फुकट देते, पण टाकी काढण्या-बसवण्याचे पैसे ती बहुधा देणार नाही.
आधी आरसीवर नाव तुमचं झालंय का बघा, नाहीतर पत्रं जुन्या मालकाकडेच जात राहणार. मग चेसी नंबर देऊन कस्टमर केअरला ईमेल करा, "सेंटरने काम नाकारलं, कारण लेखी द्या." फोनवर कोणी काही कबूल करत नाही.
मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं, नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ते लागू नाहीत. तुमची 2020 ची, तेव्हा उत्पादनाचा महिना बघा आणि रेंगाळू नका. तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर करता येते.

मालवणी_झील
टाकी काढतासच तर गॅसच्या कप्प्याकडे पण बघा. सिलिंडरच्या कप्प्याक खाली भोक असाक व्हया, एलपीजी जड, तो खालीच साठता. माझ्या गाडयेत वर्कशॉपवाल्यान वरती जाळी लावलेली! ता कुठल्या रिकॉलात येवचा नाय.

गुहागरवाला
झालं एकदाचं. पट्ट्यांवर रात्रभर डिझेल मारून ठेवलं, तरी दोन बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. टाकी काढण्या-बसवण्याचे पैसे माझेच गेले. ईमेल केल्यावर मात्र सेंटरने कुरकुर न करता पाइप आणि दोन्ही क्लिपा फुकट बदलल्या. जुना पाइप मागून घेतला. एका जागी तिळाएवढी चकाकणारी खूण, भोवती तांबूस गंज. जॉब कार्डवर "रिकॉल पूर्ण" लिहून घेतलं.
टाकी परत बसवल्यावर एक बोल्ट उरलाय. पोरगा म्हणतो जास्तीचा होता. पटतं का कुणाला?

चिपळूणचा फिटर
नाही. उद्या गाडी घेऊन या.