मदत हवी आहे: लोअर अर्लीत घर घेतोय, पण पुण्याच्या फ्लॅटवर माझंही नाव आहे

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात घर घेतलेल्यांकडून, त्यातही रीडिंग-वोकिंगहॅमकडच्या लोकांकडून सल्ला हवा आहे. प्रश्न दोन आहेत. एक पैशांचा, एक खोलीचा. दोन्हींच्या मुळाशी आई आहे.

सध्या आम्ही तिघं (मी, बायको, मुलगी) रीडिंग स्टेशनपासून जवळ भाड्याने राहतो. फ्लॅट सोयीचा आहे, पण उत्तरेकडच्या बेडरूममध्ये कपाटामागची भिंत दर हिवाळ्यात काळी पडते. कपडे घरातच वाळवायचे, त्यात रोजचा कुकर, आणि खिडकी उघडली की पोरगी शिंकायला लागते. एजंटचं उत्तर ठरलेलं: खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचने पुसून काढतो, महिन्याभरात बुरशी पुन्हा हजर.

लोअर अर्लीत एक सेमी (एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं घर) आवडलं आहे. ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: ही वसाहत १९७७ पासून बांधायला घेतली, तेव्हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या खासगी गृहप्रकल्पांत तिची गणना व्हायची. रस्ते वळत वळत जातात आणि शेवटी कुठेच पोचत नाहीत, सगळी घरं विटांची आणि एकाच साच्यातली. पहिल्यांदा गेलो तेव्हा नकाशा हातात असून चुकीच्या गल्लीत शिरलो. पण २१ नंबरची बस आहे, मोठं अ‍ॅस्डा आहे, आणि घरामागे बारा पावलांची का होईना बाग आहे. पत्ता रीडिंगचा असला तरी कौन्सिल वोकिंगहॅमचं.

घर फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं), तीन बेडरूम, ऐंशीच्या दशकातलं. ४ लाख ३० हजार पौंडांची ऑफर मान्य झाली आहे. आम्हाला ते आवडण्याचं मुख्य कारण म्हणजे आधीच्या मालकांनी घराला लागून असलेल्या गराजची खोली करून घेतली आहे, शेजारी टॉयलेट आणि शॉवर. आईचे गुडघे गेलेत. ती व्हिजिटर व्हिसावर पाच-सहा महिने येते तेव्हा तिला जिना चढायला लागू नये एवढीच इच्छा.

प्रश्न १: सॉलिसिटरच्या फॉर्मवर विचारलं आहे की जगात कुठेही घर नावावर आहे का. सिंहगड रोडचा टू बीएचके २०१२ मध्ये ५० लाखांना घेतला, तेव्हा कर्ज जास्त मिळावं म्हणून करारनाम्यावर आई आणि मी अशी दोघांची नावं घातली. कर्ज फिटलं आहे. आज किंमत ९० लाखांच्या आसपास. राहते आईच. मी हिशेब केला तो असा:

पहिलं घर घेणाऱ्यांची सवलत मिळाली तर स्टँप ड्यूटी ६,५०० पौंड.
सवलत नाही, पण जादा घराचा भारही नाही, तर ११,५००.
दुसरं घर धरलं तर ५ टक्के जादा, म्हणजे ३३,०००.

३३ हजार भरायचे तर नवीन बॉयलर आणि किचन पुढच्या दशकावर जाईल. आईच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळं व्हावं का?

प्रश्न २: गराजच्या खोलीचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं कम्प्लीशन सर्टिफिकेट (काम बांधकामाच्या नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला) मालकांकडे नाही. ते म्हणतात इन्डेम्निटी इन्शुरन्स काढून देतो. चालेल का?

अनुभव लिहा. धन्यवाद.
– अर्धा_पुणेकर

---

घाटावरचा: इतका विचार कशाला करता? पुण्यातल्या फ्लॅटचं इथे कोणाला कळतंय? लिहा 'नाही' आणि मोकळे व्हा.

रीडिंगकर: @घाटावरचा, स्टँप ड्यूटीच्या रिटर्नमधली माहिती खरी आहे ही जबाबदारी घेणाऱ्याची असते, सॉलिसिटरची नाही. उद्या घर विकताना, मॉर्गेज बदलताना, कधीही हे वर येऊ शकतं. दंड, व्याज, वर खोटं लिहिल्याचा ठपका. असले सल्ले देऊ नका राव.

@अर्धा_पुणेकर, ६,५०० विसरा. ती सवलत फक्त अशांना, ज्यांनी जगात कुठेही कधीच घर घेतलेलं नाही. बक्षीसपत्र केलंत तरी 'कधीच' पुसलं जात नाही. त्यामुळे सामना ११,५०० विरुद्ध ३३,००० असा आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. जादा ५ टक्क्यांसाठी दुसऱ्या घरातल्या *तुमच्या हिश्श्याची* किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असावी लागते. तुमचा निम्मा म्हणजे ४५ लाख, हा आजच्या दराने बरोब्बर त्या रेषेवर घुटमळतोय. पुण्यातल्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी अहवाल घ्या आणि सॉलिसिटरपुढे ठेवा. हिस्सा निम्माच आहे हेही कागदावर दिसायला हवं. हप्ते सगळे तुम्हीच भरले असतील तर तो प्रश्न येणार. परिस्थिती बघितली जाते ती कम्प्लीशनच्या (घर प्रत्यक्ष ताब्यात येण्याच्या) दिवसाची, ऑफरच्या नाही. रुपया तोवर वर गेला तर तुम्ही रेषेच्या पलीकडे.

अर्धा_पुणेकर: हे चाळीस हजारांचं प्रकरण आमच्या मॉर्गेज ब्रोकरने काढलंच नव्हतं! घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर? तिच्या नावावर कुठेच काही नाही.

रीडिंगकर: एकत्र राहणारे नवरा-बायको या कामासाठी एकच धरतात. तुमचा पुण्याचा हिस्सा चाळीसच्या वर ठरला, तर तिच्या एकटीच्या नावावरही ५ टक्के लागतील. चाळीसच्या आत ठरला तर मात्र तिला एकटीला पहिल्या घराची सवलत मिळू शकते. पण मग मॉर्गेज तिच्या एकटीच्या पगारावर बसायला हवं. बसतंय का बघा.

लेखनिक: बक्षीसपत्राबद्दल. महाराष्ट्रात २०० रुपयांत होणारं बक्षीसपत्र हे नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यासाठी. आईने मुलाला दिलं तर ती सवलत आहे, मुलाने आईला दिलं तर नाही. मुद्रांक शुल्क भरावं लागेल. स्वतः जाता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागेल. ते तिकडे साक्षांकित करून पाठवा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या. त्यानंतर सोसायटीच्या भाग दाखल्यावरची नोंद बदलायला विसरू नका. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या भानगडी तिथेच अडकलेल्या असतात.

आणि एक बाजू कोणी मांडलीच नाही. तुम्ही ब्रिटनचे करदाते आहात. आईला हिस्सा फुकट दिलात तरी तिकडचं करखातं तो बाजारभावाने विकल्यासारखा धरतं, कारण ती जवळची नातेवाईक. वरच्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स.

रीडिंगकर: बरोबर, पण घाबरू नका. नफा पौंडांत मोजतात, दोन्ही तारखांच्या दराने. २०१२ मध्ये पौंड ८५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे २५ लाखांचे तेव्हाचे २९ हजार पौंड. आजच्या ४५ लाखांचे ३८ हजार धरा. रुपया घसरल्याचा असा एकदाच फायदा. नऊ हजारांतून ३,००० ची सूट वजा, उरलेल्यावर वरच्या पगाराला २४ टक्के. दीड हजाराच्या आत-बाहेर. २१,५०० वाचत असतील तर गणित सरळ आहे.

स्लाऊच्या_काकू: गणितं झाली असतील तर एक विचारते. आईशी बोललात का? माझ्या दिराने असंच घाईत नाव काढलं. सासूबाईंच्या मनात भलतंच बसलं, की पोराने हात झटकले. नंतर त्या गेल्या तेव्हा मृत्युपत्र नव्हतं आणि नणंदेशी तीन वर्षं बोलणं बंद. तुम्हाला भाऊ-बहीण असेल तर आधी सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर बसवा. फ्लॅट पूर्ण आईच्या नावावर गेला की तो पुढे कोणाकडे जाणार, हे तिने लिहून ठेवायला हवं.

गराजच्या खोलीबद्दल: पॉलिसीवर जाऊ नका. खोलीत जा, चप्पल काढून उभे राहा. आमच्याही गराजची खोली होती. नुसत्या काँक्रीटवर लॅमिनेट टाकलेलं, बाहेरची भिंत एकेरी विटेची. सासऱ्यांचा पलंग लावला तिथे मार्चमध्ये गादीखाली ओल. तुम्ही बुरशीतून सुटायला निघालात आणि आईला बुरशीत झोपवाल.

विटा_आणि_चुना *(मी सर्व्हेअरकडे कामाला आहे)*: काकूंशी शंभर टक्के सहमत. इन्डेम्निटी पॉलिसी कौन्सिलने कारवाई केली तर खर्च देते, बस. खोली गार आहे, ओल येते, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आणि एक गंमत: तुम्ही आधी कौन्सिलला फोन करून चौकशी केलीत की सहसा ती पॉलिसीच मिळत नाही. म्हणून फोन उचलण्याआधी ठरवा कुठल्या रस्त्याने जायचं.

माझं मत: मालकांनाच कौन्सिलकडून रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट (झालेल्या कामाला मागाहून मिळणारी मान्यता) घ्यायला सांगा. निरीक्षक गरज पडली तर जमीन-भिंत थोडी उघडून बघतो. मालक तयार नसतील तर ती खोली बेडरूम नव्हे, गराज आहे असं समजून किंमत खाली आणा. तुमचा सर्व्हे (घराची तपासणी) लेव्हल २ चा असेल तर तो फार खोलात जाणार नाही, या खोलीसाठी जास्त सविस्तर लेव्हल ३ घ्या. सॉलिसिटरला मूळ प्लॅनिंग परवानगीही काढायला लावा. काही इस्टेटींवर गराज गाडीसाठीच ठेवायची अट असते.

बाकी घर जुन्या इस्टेटीतलं आहे हे बरंय. अर्बरफील्डला लष्कराच्या जुन्या छावणीच्या जागेवर, शिनफील्डला शेतांवर नवीन घरं झालीत. अशा नव्या वसाहतींत फ्रीहोल्ड असूनही बागा-रस्त्यांच्या देखभालीचं वार्षिक बिल लागतं, ते कोण वाढवेल सांगता येत नाही. लोअर अर्लीत रस्ते बहुतेक कौन्सिलकडेच आहेत. तुमच्या गल्लीचं तेवढं तपासा.

घाटावरचा: मी गंमत केली होती हो.

अर्धा_पुणेकर: सगळ्यांचे मनापासून आभार. काल आई आणि ताईला एकत्र कॉलवर घेतलं. आई म्हणाली नाव काढायचं तर काढ, पण मृत्युपत्राचं पण त्याच खेपेत उरकून टाकू, रजिस्ट्रारकडे दोनदा जिने चढायला लावू नकोस. ताईची हरकत नाही.

तरी आधी मूल्यांकन. आकडा चाळीसच्या बराच खाली आला तर बक्षीसपत्राची गरजच नाही. बायकोच्या एकटीच्या पगारावर मॉर्गेज बसत नाही, ते विचारून झालं. मालकांना रेग्युलरायझेशनचं कळवलं आहे. एजंटचा आवाज जरा बदलला, पण नाही म्हणाले नाहीत. एक्स्चेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. शनिवारी परत घर बघायला जातोय, मोजे काढून.

सिंहगड रोड भागात इंग्लंडच्या कामासाठी मूल्यांकन अहवाल कोणी करून घेतला असेल तर कृपया व्यनि करा. अहवाल इंग्रजीत, तारखेसह आणि निम्म्या हिश्श्याची किंमत वेगळी दाखवणारा हवा आहे.