विषय: शनिवारच्या तळ्यासाठी कॉफी-फिल्टर पुण्यात कुठे मिळतील?

प्रेषक: बालविभाग (सध्या कोथरूड)

नमस्कार मंडळी,
मुलांचा शनिवारचा चित्रांचा कार्यक्रम परवावर आला आणि माझी बॅग अजून विमान कंपनीकडेच आहे. दोनशे कागदी कॉफी-फिल्टर तिच्यात होते. काल लक्ष्मी रोडपासून अप्पा बळवंत चौकापर्यंत सगळीकडे विचारलं. 'कॉफीचं फिल्टर' म्हटलं की स्टीलचं भांडं पुढे येतं. मुलं बावीस आहेत. कृती मार्चमध्ये तिकडे न्यू जर्सीत केली तीच: फिल्टरवर स्केचपेनच्या रेघा, वरून पाण्याचा फवारा, वाळल्यावर एक पाचर कापली की कमळाचं पान. खाली फ्रेंच चित्रकार मोनेचं तळं. गोल, कागदी आणि पाणी शोषणारं दुसरं काय मिळेल? आजच कळवा.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, कापसाच्या काड्यांचे तीन डबे मी आणून ठेवलेत. पानं, पाणी, फुलं सगळं ठिपक्यांनी होऊ दे, फवारा नको. वारलीच्या वेळी गेरू सांडला तेव्हा हॉलची फरशी मी आणि बापूंनी रात्री दहापर्यंत घासली होती आणि डिपॉझिट तरीही अर्धंच मिळालं. या वेळी हॉल माझ्या नावावर घेतला आहे.

---

प्रेषक: वहिनी (औंध)

ठिपके म्हणजे सूरा, तो दुसरा फ्रेंच चित्रकार, मोने नव्हे. पॅरिसजवळच्या ग्रांद जात बेटावरचं त्याचं ठिपक्यांचं मोठं चित्र १८८६ सालच्या आठव्या आणि शेवटच्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात लागलं होतं हे खरं. पण मोने त्या प्रदर्शनात नव्हताच. मुलांना मोने शिकवायचा तर ब्रशचे आखूड, चपटे फटकारे द्यायला हवेत.

आणि ताई, पाचर असते ती कुमुदाच्या पानाला. कमळाचं पान अखंड गोल असतं आणि पाण्याच्या वर उभं राहतं. मोनेने रंगवली ती कुमुदं. मुलांना चुकीचं नाव सांगू नका, पुढे आयुष्यभर तेच राहतं.

---

प्रेषक: बालविभाग

वहिनी, कुमुद मान्य, फळ्यावर तसंच लिहीन. पण कार्यक्रम गेली सहा वर्षं मी घेते आहे. पाच वर्षांच्या मुलाला नुसते फटकारे मारायला सांगितले तर तो दहा मिनिटांत उठतो. फवाऱ्यात रंग पसरताना बघायला मिळतो, म्हणून मुलं बसून राहतात. माझा प्रश्न अजून कागदाचाच आहे.

---

प्रेषक: माई (सदाशिव पेठ)

अगं, मी बावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. प्रयोगशाळेचा फिल्टर पेपर घे! गोलच असतो, साडेबारा सेंटिमीटरचा, शंभरांचा डबा येतो. शाळा-कॉलेजांना काचसामान पुरवणाऱ्या दुकानात माग. टीपकागद आणू नकोस. मी आत्ता घरी करून पाहिलं, तो रंग पिऊन टाकतो, पसरू देत नाही.

पण मला फवाऱ्याची वेगळीच अडचण वाटते. पाण्याने रंग एकमेकांत मिसळतात. मोनेची गंमत याच्या उलट आहे. निळ्याशेजारी लाल, न कालवता, आणि जांभळा होतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यात. माझ्या सासूबाईंची धूपछाव इरकल होती. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. जवळ नाक नेलं की दोन्ही वेगळे, अंगणातून पाहिलं की तिसराच रंग, आणि त्या चालल्या की तोही बदलायचा. ती साडी अजून पेटीत आहे, शनिवारी आणते. मुलांनी आधी तिला जवळून बघावं, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन. मगच ब्रश हातात द्या.

---

प्रेषक: खजिनदार

माई, साडी टेबलावर नको. रंग उडेल.

---

प्रेषक: नाना (सिंहगड रोड)

हॉलच्या आधी तासभर मुलांना पु. ल. देशपांडे उद्यानात आणा. ही बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. त्याच ओकायामा प्रांतात कुराशिकी गावी ओहारा संग्रहालय आहे आणि तिथे मोनेचं कुमुदांचं चित्र आहे. कोजिमा तोराजिरो या जपानी चित्रकाराने ते १९२० साली मोनेकडूनच घेतलं. खुद्द मोनेच्या घरात भिंतभर जपानी छापचित्रं होती आणि जिव्हर्नी या त्याच्या गावच्या तळ्यावर त्याने जपानी धाटणीचा पूल बांधून घेतला. मुलांना पॅरिस लांब वाटतं, ही बाग त्यांच्या आजीच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

---

प्रेषक: वहिनी (औंध)

नाना, पूल हिरवा रंगवायचा. गेल्या वेळच्या पोस्टरवर लाल छापला होता, मी तेव्हाही सांगितलं होतं.

---

प्रेषक: बापू (मुक्काम अजून न्यू जर्सी)

काळा रंग डब्यांतून आधीच काढून ठेवा. माझ्या नातीने मार्चमध्ये पाण्यावर काळी सावली मारली आणि तळ्याचं गटार झालं, ती रडली. सावलीला निळा आणि जांभळा द्या.

---

प्रेषक: माई (सदाशिव पेठ)

बापू, खरंय. आणि मोठ्या मुलांना नावाची गोष्ट सांगा. मोनेने १८७२ साली ल हाव्र बंदरातला धुक्यातला सूर्य रंगवला, शीर्षकात 'इम्प्रेशन' शब्द घातला. १८७४ च्या प्रदर्शनात लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने त्याच शब्दावरून टवाळी केली आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव त्या चित्रकारांना चिकटलं. माझ्या नातवाला वर्गात चित्रावरून हसतात, त्याने ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

---

प्रेषक: बालविभाग

फिल्टर पेपर मिळाला, दोन डबे आणले. माई, पटलं. पाणी आणि प्रतिबिंब चपट्या ब्रशने, रंग न कालवता. फवारा फक्त पानांपुरता, तोही बाल्कनीत. खजिनदारकाकांच्या काड्या फुलांच्या पुंकेसरांना वापरू, पिवळ्या रंगात. पोस्टर कलर या हवेत लवकर वाळत नाही, तेव्हा कार्डशीट घरी न्यायला प्रत्येकाने जुना ट्रे किंवा खोक्याचं झाकण आणावं. साडी मी खुर्चीच्या पाठीवर लावीन, रंगांपासून लांब.

नाना, सकाळी नऊला बागेच्या गेटपाशी. पाऊस असला तरी येतोय, पाण्यावर थेंब पडताना मुलांना बघायचंच आहे. छत्र्या घरून आणा.

---

प्रेषक: खजिनदार

रद्दी मी आणतो. दुहेरी अंथरू.