रानातल्या मुक्कामाची पावती: तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी एका गडाच्या पायथ्याला तंबूचे पैसे भरले, पावती खिशात घातली आणि वर गेलो. वर संडास होता, त्याला दारही होतं, पण कडी नव्हती. मग एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून खोकत राहायचं, अशी सोय केली. रात्रभर त्यावरून हसलो, पण उतरताना पावती पुन्हा काढून वाचली. त्यावरून हा धागा. वनखात्याच्या जागेत मुक्कामाचे पैसे कुठे भरलेत? पावती मिळाली का? पुढे त्या पैशांचं काही दिसलं का? सह्याद्रीतलं लिहा, परदेशातलंही चालेल. "सगळे चोर आहेत" एवढ्या एका वाक्यासाठी मात्र येऊ नका, ते आम्हालाही लिहिता येतं.

तोलारखिंड

नव्वदच्या दशकात खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगडावर जायचो. कुणी एक रुपया मागितला नाही. देवळाजवळच्या गुहेत झोपायचं आणि सकाळी कोकणकडा. आता लोक म्हणतात, तेव्हा किती स्वच्छ होतं! खरं सांगू? कांद्याची सालं, उरलेला भात आम्ही गुहेच्या तोंडाशीच टाकायचो. शहाणपण काही जास्त नव्हतं. शनिवारी वर तीन गट असायचे, एवढंच.

पायथ्याचा

मी पैसे घेणाऱ्यांतला आहे, म्हणून जरा लांब लिहितो. आमच्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे. अध्यक्ष गावातला, सचिव खात्याचा माणूस. माणशी वेगळं आणि तंबूचं वेगळं घेतो. टेबलावर बसलं की आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, "गड काय तुझ्या बापाचा आहे का?" नाही ना. पण रविवारी दुपारी तुम्ही सगळे उतरलात की गोण्या घेऊन वर आमचीच पोरं चढतात. प्लास्टिकच्या बाटल्यांचं काही नाही, गोणी फुगते पण हलकी असते. काच वाईट. दगडावर फोडलेली बाटली गवतात हाताने शोधावी लागते, तिथे झाडू चालत नाही. एका पोराचा अंगठा असा कापला की पंधरा दिवस त्याला भाताच्या चिखलात उतरता आलं नाही. त्याच्या इंजेक्शनचे पैसे पावतीपुस्तकातूनच गेले.

आणखी एक. पावसाळ्यात पावतीपुस्तकं संपतात, एप्रिलात महिन्याला पाच तंबू येत नाहीत. पाण्याचं टाकं मात्र उपसायचं असतं ते एप्रिलातच, आत खाली गाळ दिसतो तेव्हा. म्हणजे जुलैचे पैसे एप्रिलपर्यंत शिल्लक ठेवायचे. ते दरवर्षी जमतंच असं नाही.

आणि ते ग्रुपवाले. माणशी दीड हजार घेऊन चाळीस जणांना आणतात आणि टेबलावर पंचवीस सांगतात. तंबू मोजायला मी रात्री टॉर्च घेऊन वर जायचं का?

शनिवारची बस

पंचवीस सांगणारा मीही होतो, दोन-तीनदा. नंतर सोडलं. पण माझी बाजूही ऐका. एका ठिकाणी (नाव नको) एकाच वाटेवर दोन टेबलं लागलेली. पहिल्यावर पावती फाडली, अर्ध्या तासाच्या चढानंतर दुसरं टेबल. पहिली पावती दाखवली तर म्हणे ती त्यांची, ही आमची. दुसऱ्याकडे छापील पुस्तक नव्हतं, वहीचा कागद होता. चाळीस जण उन्हात उभे. भरले पैसे.

निवृत्त गार्ड

पावतीवर नाव कुणाचं आहे ते आधी वाचावं. खात्याची पावती असेल तर पैसे सरकारकडे जमा होतात, समितीची असेल तर गावाच्या खात्यात. वहीचा कागद असेल तर देऊ नये. अभयारण्यात शुल्क हे काही कालचं खूळ नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात, कलम 28 मध्ये, अभयारण्यात जाण्यासाठी आणि राहण्यासाठी परवाना व शुल्क दोन्ही आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 चं. म्हणजे "आम्ही लहानपणापासून फुकट जातोय" म्हणणाऱ्यांना कुणी अडवलं नव्हतं, इतकंच.

सोनकी

मुक्काम नाही, पण साताऱ्याजवळच्या कास पठाराचं लिहिते. तिथे शुल्क आहे, आधी ऑनलाइन बुकिंग आहे आणि दिवसाला किती माणसं सोडायची तेही ठरलेलं आहे. मला शुल्कापेक्षा हे शेवटचं मोलाचं वाटलं. फुलांमधून फिरताना समितीचा मुलगा दर दोन मिनिटांनी "ताई, पाय वाटेवरच" म्हणत होता. आधी राग आला. मग खाली पाहिलं तर चपलेखाली टाचणीएवढी फुलं होती.

सिएटलकर

इकडच्या नॅशनल फॉरेस्टमधल्या लहान कॅम्पग्राउंडवर बऱ्याचदा टेबलावर कुणी नसतंच. जमिनीत रोवलेला जाडजूड लोखंडी नळा असतो, वर फट. पाकिटात रोख घालायची, पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, कडेची चिठ्ठी फाडून आपल्या जागेच्या खांबाला अडकवायची आणि पाकीट नळ्यात टाकायचं. पहिल्यांदा बायको म्हणाली, "नाही टाकलं तर कोण बघणार आहे?" सकाळी सहाला समोरच्या ट्रेलरमधले आजोबा चहाचा मग घेऊन प्रत्येक खांबाची चिठ्ठी वाचत फिरताना दिसले.

2004 च्या कायद्याप्रमाणे या पैशातला मोठा वाटा, साधारणपणे 80 टक्के, जिथे जमा झाला तिथेच खर्च करायचा असतो. आणि सोयी काहीच नसलेल्या रानात आत जाऊन तंबू ठोकला तर बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. पैसे टेबल, पाणी, शेगडीचे.

तोलारखिंड

@सिएटलकर, म्हणजे झाडाखाली झोपणं फुकट, संडासाला पैसे. हे मला पटलं. आपल्याकडे उलटं आहे, झाडाखालचे घेतात आणि संडास नसतो.

पायथ्याचा

@तोलारखिंड, झाडाखाली झोपून सकाळी कुठे जाता तेही लिहा की.

दोन मुलांची आई

जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. नाक्यावर गाडीची आणि माणसांची पावती दिली, बिनतक्रार. पण आत हिरडा-बेहड्याची झाडं लखलखत असताना मागून गाड्यांचे हेडलाइट येत होते. प्रत्येक प्रकाशझोतात आख्खं झाड विझायचं. एक वनरक्षक एकटा हात हलवत "लाइट बंद, लाइट बंद" ओरडत होता. माझे पैसे अजून दोन शिट्टीवाल्यांवर खर्च झाले असते तर दुप्पट दिले असते.

पायथ्याचा

धागाकर्त्यांना: संडासाचं दार निळं आणि बाजूला उंबर असेल तर तो आमचाच. कडी तिसरी होती. वर वारा फार, लोक तंबूची दोरी कडीला बांधतात आणि रात्रीत ती उपटून येते. या वेळी दोरीसाठी शेजारी लोखंडी खुंट्या ठोकल्यात. कडी रविवारी बसवतो.